जळती ती वाफ

गुरुजी, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली. चौथीतून शाळा सुटलेली बाई मेलेल्या माणसाला पत्र लिहिते म्हणल्यावर लोक हसतील. हसू द्या. मी आता आपल्याच शाळेत खिचडी शिजवते. आज नव्या बाईंनी वर्गात मेणबत्ती लावली अन् विचारलं, यात जळतं काय? कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं मेण. मला दम निघंना. पळी हातात घेऊन दारातूनच वरडले, "मेण न्हाई जळत! मेणाची वाफ जळती!" बाई बघतच राहिल्या. "मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी पळी घेऊन चुलीकडं वळले.

चुलीपुढं तोच चौथीचा वर्ग दिसला. तुम्ही समोर उभे आहात. मला म्हणताय, विझव. मी पाटी पुसायच्या ओल्या फडक्यानं वात चिमटते, धूर निघतच नाही. तुम्ही खेकसता, "फुंकर मार म्हणलं ना? बहिरी हायस का?" मी कुठली गप बसते! "दिव्याला तोंडानं फुकू न्हाई. माय हानती." सगळा वर्ग खिदळला. तुम्ही नाही हसलात. मेणबत्ती परत लावलीत, वही माझ्या हातात दिलीत. "बरं, मग वारा घाल." वात विझली, पांढऱ्या धुराचा दोरा वर चढला. तुम्ही वातीपासून बोटभर वर त्या धुरालाच काडी लावलीत, अन् जाळ टुणकन खाली वातीवर उतरला! "हा नुसता धूर न्हाई पोरी, मेणच हाय. वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होती. जळती ती वाफ." तसं नीट समजावून मला परत कुणी काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गेलो, आलो तवर उन्हाळा. तुम्ही घरी आलात, बापाला म्हणालात, "परीक्षेला बसवा हिला, बाकीचं मी बघतो." दुसऱ्या दिवसापासून मी गावभर सांगितलं, बाप नको म्हणतो. तुम्ही ते खरं धरलंत. बदली होऊन जाईपर्यंत बापाशी बोलला नाहीत. बापानंही मला कधी खोटं पाडलं नाही. आता तोही नाही. खरं म्हंजे मी ऊसतोडीवरून आले तवर वर्गातली पोरं भागाकार करायला लागली होती, मला हातचा येत नव्हता, लाज वाटली. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहवतंय तरी. बाप जा म्हणला होता, गुरुजी. मीच आले नाही.