माळावरच्या बारा चौकटी

३ ऑगस्ट
सात चौकटी मोजून झाल्या, पाच राहिल्या. ऊन असं की लोखंडी पट्टी हातात धरवेना. ऑगस्ट आहे म्हणून सांगितलं तर कोणाला पटायचं नाही. जूनमध्ये उगवलेलं गवत वीतभर वाढून थांबलंय. तीन आठवडे थेंब नाही. पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "उज्ज्वला, जे दिसतंय ते लिही. वाढ थांबली असेल तर थांबली लिही."
सात वर्षं हेच करतेय. गायरानाच्या माळावर मीटरभर लांब-रुंद बारा चौकटी. वर्षातून तीनदा जायचं, कोणतं गवत किती ते मोजायचं, माती पिशवीत भरायची. तरी कमी भरलं की वाटतं माझंच काहीतरी चुकलं.
३ नंबरमध्ये पवन्या गवत नाहीच. नुसती कुसळी.

५ ऑगस्ट
उरलेल्या पाच झाल्या. सोमातात्या मेंढरं घेऊन वर आले होते. साठ-एक वर्षं हा माळ चारतायत. ३ नंबर दाखवली. उकिडवे बसून बघितली.
"पवन्या गेला म्हंजी मेंढराच्या तोंडचा घास गेला. कुसळी कवळी हाय तवर खात्यात. मग तिची कुसं कातड्यात घुसत्यात."
"पूर्वी झालं होतं का असं?"
"दुष्काळात व्हायचं. पाऊस झाला की परत यायचा पवन्या. आता पाऊस बी धड न्हाई. आला तर यकदम, न्हाई तर न्हाईच."
लिहून घेतलं. मॅडमच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

९ ऑगस्ट
जेवताना दादांनी विषय काढला. (माझे मोठे दीर. सरपंच झाल्यापासून घरातही सभेत बोलल्यासारखं बोलतात.) अख्ख्या गायरानावर झाडं लावायची. दहा हजार रोपं. खर्च सणसवाडीच्या कंपनीचा, म्हणजे हे जिथं कामाला जातात तिचाच. कंपनीला धुराच्या बदल्यात झाडं दाखवायचीत.
मी भाकरी थापत होते. "माझ्या चौकटी?"
"दुसरीकडं मांड की. माळच हाय, पडीक."
पडीक. पुढची भाकरी करपली.


१० ऑगस्ट
सकाळी शिफ्टला निघताना हे म्हणाले, "सभेत बोलणार हायेस ना तू? दादा हायेत ते. आन् कंपनी माझी हाय. जरा दमानं." बरोबर आहे त्यांचं. दादांनी ह्यांना बापासारखं वाढवलं. पण मग मी सात वर्षं काय…

१५ ऑगस्ट
झेंडावंदन, मग ग्रामसभा. बोलले. आवाज बरा निघाला. सांगितलं की माळाचं गवत वर वीतभर दिसतं, पण मुळं खाली हातभर जातात. जो सेंद्रिय कर्ब आपण शेतात विकत आणून घालतो तो या मातीत मुळांनी साठवलाय. खड्डे पाडले की ती माती उघडी पडेल. आणि हलक्या मुरमात दहा हजार रोपांना उन्हाळ्यात पाणी कुठून घालणार.
दादा म्हणाले, "झाडं नकोत म्हणणारी बाई पयल्यांदा बघितली." सगळे हसले. मग मात्र त्यांनी नीट विचारलं, "बरं, ऱ्हाऊ दे गवत. पाऊस आसाच लहरी झाला तर पाच वर्सांनी तुझं गवत तरी ऱ्हाईल का? लिहून देतीस?"
लिहून देत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.
ठराव मंजूर. विरोधात दोनच हात. माझा आणि सोमातात्यांचा.

२९ ऑगस्ट
आज मशीन आलं. ट्रॅक्टरच्या मागं खड्डे पाडायचा स्क्रू. चुन्याची रेघ बरोबर ५ नंबरमधून. चालवणारा बिहारचा, भला माणूस. "मॅडम, हटिए ना, हमको तो लाइन मिली है." मी चौकटीत मांडी घालून बसले. दुसरं काही सुचलंच नाही.
त्यानं फोन लावला. दादा गाडीवर आले. "ऊठ."
"नाही, दादा."
सोळा वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं. त्यांनी गाडी बंद केली, चुन्याची रेघ बघितली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "ही बाजू सध्या सोड. उत्तरेचा उतार घे आधी."
संध्याकाळपर्यंत उत्तरेकडं खड्डेच खड्डे. घरी जाऊबाई चहा ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

२ सप्टें.
ह्यांना सुपरवायझरनं विचारलं, "तुमच्या घरातच एकमत नाही का?" हसत विचारलं म्हणे. आजपासून ह्यांना लोडिंगला टाकलंय. त्याचा ह्याच्याशी संबंध नसेलही. डबा न घेताच गेले.
माहेरी जाऊन यावं का चार दिवस, केंदूरला. नको. पळून गेली म्हणतील.

१९ सप्टें.
दुपारी आला. दीड तास. असा पाऊस मी कधी बघितला नाही. पाऊस मोजायचा डबा भरून वाहिला, म्हणजे आकडाही नीट मिळणार नाही. थोडा कमी झाल्यावर वर गेले.
उत्तरेचा उतार सोलल्यासारखा. खड्डे एकमेकांत फुटले, त्यांची घळ झाली, गढूळ लोंढा सरळ खाली गावाच्या पिण्याच्या विहिरीत. विहिरीचं पाणी चहासारखं दिसतंय. रोपं लावलेलीच नव्हती अजून, नाहीतर तीही गेली असती.
दक्षिणेकडून आलेलं पाणी त्या मानानं स्वच्छ. आधी बरं वाटलं. मग ३ नंबरपाशी गेले. तिथलीही माती गेली. कुसळीच्या ठोंबांमध्ये जमीन उघडीच असते, तिथून धुपली. खड्डा नाही, मशीन नाही, तरी.
दादा उतारावर उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. म्हणाले, "किती वर्सांची आसंल गं ही माती?"
"हजारांत मोजावी लागेल बहुतेक." गेली दीड तासात.

२३ सप्टें.
विहीर उपसायचं काम चालू. बायका टँकरच्या रांगेत. काही माझ्याशी मुद्दाम येऊन बोलल्या. काही म्हणाल्या, हिचीच नजर लागली. लोडिंगनं ह्यांची पाठ धरलीय. तेल लावून दिलं. म्हणाले, "तू बरोबर बोलली व्हतीस तवा." एवढंच.

८ ऑक्टो.
मोजणी संपली. मॅडम स्वतः आल्या, सात वर्षांचे आकडे एका कागदावर, मातीचे दुसऱ्यावर. पवन्या दरवर्षी थोडा थोडा कमी. खड्ड्यांच्या खूप आधीपासून. जिथं पवन्या गेला तिथं मातीतला कर्बही उतरलाय. सात वर्षं मीच लिहिलं, पण तुकड्यातुकड्यानं. एकत्र आज पहिल्यांदा बघितलं.
म्हणजे गवत राहील का म्हणून दादांनी सभेत विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याच अक्षरात होतं.
मॅडम म्हणाल्या, "परवा झाडांच्या ठरावावर पुन्हा सभा आहे, तिथं हे दाखवायचं की नाही, तू ठरव. गाव तुझं आहे." नाही दाखवलं तर विहिरीमुळं गाव माझ्या बाजूनं आहे. दाखवलं तर कोणीही म्हणेल, गवत जातंच आहे, मग लावा झाडं.
सोमातात्यांना सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. ते माळाकडं बघत म्हणाले, "दोन पावसाळं माळ बंद ठिवा. मी मेंढरं घिऊन खाली भीमंकडं जातो. पवन्याचं बी तरी पडंल."
"आणि नाही उगवलं तर?"
"न्हाई तर न्हाई. म्या तरी काय सांगू."
भीमेकडं सगळा ऊस. मेंढरं बांधावरसुद्धा उभी करू देत नाहीत तिथं. तात्यांनी मात्र ते सांगितलं नाही.

१० ऑक्टो.
दहा वाजता खास ग्रामसभा. सकाळी दादांनी अंगणातच अडवलं. "काय वाचणार हायेस?"
दोन्ही कागद दिले. चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचले. दोनदा.
"म्हंजी गवत बी चाललंय."
"हो."
"आन् हे तू समद्यांम्होरं वाचणार?"
"हो. तात्या दोन वर्षं माळ सोडायला तयार आहेत, तेही सांगणार."
त्यांनी कागदांची घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली. "चल, गाडीवर बस."
पंचायतीच्या ओट्यावर बसून लिहितेय. लोक येतायत. हे रजा टाकून आलेत, मागं भिंतीला टेकून उभे आहेत. कंपनीचा माणूसही आलाय. दादा त्याच्याशी बोलतायत, एक हात खिशावर. आकडे मला पाठ आहेत, कागदावाचून बोलू शकते. तरी वाटतंय, ते कागद त्यांनीच काढून माझ्या हातात द्यावेत.
माझं नाव पुकारलं.