नाटकातली आई सारखी आत जाते

औरंगाबाद, जानेवारी १९८९

तीर्थरूप मायला बद्रीनाथचा दंडवत.

मी बरा हाय, दोन्ही वेळ जेवून राह्यलो. तुझे गुडघे कसे हायेत?

नाटक लिहायला शिकून राह्यलो, पण लई थकलो. सरांनी माझं नाटक पुन्हा परत दिलं. म्हणाले, "ही आई दोन वाक्यं बोलून सारखी आत का जाते?" मी सांगितलं, आमच्या पिंपळगावच्या नाटकात आईचं अन् फौजदाराचं, दोन्ही कामं एकटे पाशामियाँच करतात, लुगडं बदलायला वेळ लागतो. सगळे हसले.

सर म्हणाले, इथं आईच्या कामाला बाई हाय, तिला बाहेरच बसव, बोलू दे.

तेव्हापासून कागद कोराच हाय. तूबी घरात दोन शब्द बोलून आतच जातीस. बाहेर बसलीस तर काय बोलशील, माय? धाकट्या उषाकडून लिहून धाड. घाई न्हाई, पण सगळं सांग.

तुझा,
बद्री