छत्तिसावी फाइल

प्रिय धाकट्या,

माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. मावशी आज तुमच्या गावाला परत निघालीय, म्हणून तिच्या हाती हे पत्र देतेय. तिच्यासमोर तरी फोडशील. आई गेली तेव्हा तुला उशिरा कळवलं, ते माझं चुकलंच. शुक्रवारी तू आईचा पेन ड्राइव्ह न्यायला गाडी घेऊन येणार, असं मावशीनेच सांगितलं. त्या ड्राइव्हबद्दलच लिहायचंय.

शेवटी शेवटी आई रोज संध्याकाळी तुझ्यासाठी त्यात बोलून ठेवायची, ठाऊक आहे ना? वर्गात फळ्यावर लिहायची तसा आधी वार, मग तारीख आणि मग दिवसभराच्या माझ्या चहाड्या. बोलून झालं की ड्राइव्ह अनमाउंट न करता, म्हणजे मशीनमधून आधी नीट बंद न करता, खसकन उपटायची! कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी मी, पण सख्ख्या आईला एवढं शिकवू शकले नाही. त्याचाच हा प्रसाद: सोमवारी दुकानातल्या लिनक्सच्या मशीनला तो लावला, तर मशीनला नाव दिसतंय, आकार दिसतोय, पण माउंट कर, म्हणजे आतलं उघड, म्हटलं की नन्नाचा पाढा. पोर्ट बदलला, मशीनच्या नोंदी वाचल्या. फाइल सिस्टिम, म्हणजे आतल्या फाइलींची मांडणी, अर्धवट बंद झालेली. दुरुस्तीची कमांड दिली असती, पण त्यात एखादी फाइल पुसली जायची. गेलेल्या माणसाच्या ड्राइव्हवर आपण एक अक्षरही लिहायचं नाही, हा दुकानाचा नियम. म्हणून फक्त वाचण्यापुरता माउंट केला आणि उघडला. चौतीस फाइली होत्या, त्यांची यादी करून ठेवली. पहिलीच ऐकली आणि ढसाढसा रडले.

मंगळवारी तुझ्यासाठी कॉपी करायला पुन्हा लावला. पस्तीस होत्या. मोजण्यात चुकले असेन म्हणून सोमवारची यादी ताडून पाहिली. पस्तिसावीत आई म्हणत होती, आज मंगळवार, आणि ताईने बंद पडलेला पंखा अजून दुरुस्त करून घेतला नाही. अरे, आईला जाऊन दोन महिने झाले. पंखा सोमवारी दुपारी बंद पडला. ड्राइव्ह रात्रभर कपाटात कुलूपबंद होता, किल्ली माझ्याजवळ. हसण्यावारी न्यायला गेले, पण ड्राइव्ह परत ठेवताना कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

आज बुधवार. सकाळी लावला तर छत्तीस. छत्तिसावीत आईने वार सांगितला शुक्रवार, तारीख परवाची. इतक्या खुशीत मी तिला कधी ऐकलं नाही. आलास का रे, दमलास का, शर्टाला हे काय लागलंय, असं विचारत होती. आणि मागून तुझा आवाज आला, अगदी तुझाच. ताईला कळवायचं राहूनच गेलं, म्हणत होतास. धाकट्या, परवा गाडी बाहेर काढू नकोस. मला वेडी म्हण, ड्राइव्ह मी स्वतः आणून देते. हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, पण शुक्रवारी घरातून निघू नकोस.

तुझीच,
ताई