बर्फाखालचं कोमट पाणी

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! गोठलेल्या समुद्रावर लाकडी खोपटं, मधोमध बर्फाला पाडलेलं भोक, भोकात काळं पाणी. माझी थोरली बहीण इथे बर्फाखाली बुड्या मारते. तिनेच मला कामाला चिकटवलं. तारेला बांधलेलं यंत्र रोज तळापर्यंत सोडायचं, पाण्याचं तापमान आणि खारटपणा टिपायचा. मला बघताच ताई म्हणाली, बरं झालं आलास, आता चहा तूच करायचास.

६ ऑक्टोबर
इथलं सगळंच उलटं. वरचं पाणी जास्त गार, तळाचं किंचित कमी. हिमनदी वितळून आलेलं गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं जड म्हणून खाली बसतं. दोन्ही भेटतात तिथे कोळंबीसारखे चिमुकले लाल जीव दाटीवाटीने राहतात. त्यांच्यामागे मासे, माशांमागे सील. ताई म्हणते, पाण्याचे थर हलले की सगळ्यांचाच संसार हलतो.

९ ऑक्टोबर
तळाशी वीस अंश! शक्यच नाही. रेडिओवरून मुख्य छावणीतल्या साहेबांना सांगितलं. म्हणाले, यंत्र पुसा. पुसलं. दुसरं लावलं. तेवीस! साहेब म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मी कपाळावर हात मारून घेतला.

११ ऑक्टोबर
ताईने यंत्र सरळ माझ्या काखेत खुपसलं. सदतीस. यंत्र ठणठणीत आहे, बिघडलायस तू, म्हणाली आणि हसत सुटली. मग यंत्र तळाशी सोडलं. तिथेही सदतीस. ताईचं हसू थांबलं. साहेबांचं आपलं तेच, यंत्र पुसा. पालथ्या घड्यावर पाणी! माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

१२ ऑक्टोबर
लाल जीव वर वर सरकत काल भोकात नुसते बुजबुजले होते. आज एकही नाही. सील बर्फावर चढून लांब निघून गेले. तार संथपणे वर येते, खाली जाते, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. भरती-ओहोटीला इतकी घाई नसते. मला भीती वाटते आहे.

१३ ऑक्टोबर
साहेबांना पुरावा हवा. मी रेडिओवर इतका तणतणलो की ताईच वैतागली. थांब, बघूनच येते, म्हणजे तुम्हा दोघांची तोंडं बंद होतील, म्हणाली आणि उतरली. तिच्या कमरेचा दोर माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक. तीन म्हणजे वर ओढ.

१३, नंतर
एक हिसका. पुन्हा एक. बराच वेळ एकच. हवा संपत आली असणार, म्हणून ओढलाच. दोर हलका आला. टोकाची गाठ नीट सोडवलेली. टोक गरम.

ताई—

साहेब म्हणतात, आधी यंत्र—

दोर परत सोडला. दुसरं काय करू? दिसला तर धरेल तरी.

एक हिसका. ठीक.

मग तीन.

ताईच असेल. ताईच. तिच्याशिवाय या खुणा कुणाला—

ओढतोय. दम लागला म्हणून दोर खुंटीला गुंडाळलाय. खुंटी वाकतेय. बर्फ करकरतोय. ताई एवढी जड कधीच—