मशीनगनच्या नळीचं अस्सल कवच

३ मार्च १९९८, मंगळवार

जुन्या रणगाड्यांच्या मंडळाची सभा. आमच्या मंडळाकडे एकच रणगाडा आहे, पण आजूबाजूच्या गावांत तोही नाही. समोरच्या चिलखतातली मशीनगनची जागा रिकामी. गेल्या वर्षी त्या भोकात चिमणीने घरटं केलं होतं. जुलैत रणगाड्याचं उद्घाटन, नगराध्यक्ष येणार. अध्यक्ष डेटलेफने विचारलं, बरोबर सुटे भाग ओळखून कोण आणेल? सगळ्यांनी ग्रोटेबाईंकडे पाहिलं. त्या निवृत्त दंतवैद्य, जुन्या शस्त्रांचा अभ्यास करतात. त्या चष्मा पुसत होत्या. तेवढ्यात मी हात वर केला. टाळ्या झाल्या नाहीत, पण शांतता पसरली. आदराची असावी.

संकल्प: याबद्दल कुठेही फुशारकी मारायची नाही.

४ मार्च

बेकरीवालीला सांगितलं. पोस्टमनलाही. त्याने विचारलंच होतं, काय विशेष म्हणून.

८ मार्च, रविवार

विषय अजिबात अवघड नाही. पायदळाच्या मशीनगनच्या नळीवर जे कवच असतं, त्याला नळी थंड राहावी म्हणून सगळीकडे भोकं असतात. रणगाड्यात गन तीच, पण कवच जाड आणि जवळजवळ बंद. कारण ते चिलखतातून बाहेर डोकावतं आणि समोरचे लोक त्यावर गोळ्या मारतात. भोकं असली की पायदळ, नसली की रणगाडा. यावर कुणी एवढं जाडजूड पुस्तक का लिहावं, कळत नाही. पुस्तक ग्रोटेबाईंनी दिलं. प्रस्तावना वाचली. टाइप बारीक आहे.

गनचा मागचा भाग मंडळाकडे आहे. कायद्याप्रमाणे आतून वेल्डिंग करून निकामी केलेला. त्यातून आता चहासुद्धा गाळता येणार नाही. प्रश्न फक्त कवचाचा.

शिवाय साक्षीदार माझ्या घरातच आहे! सासरे ब्रूनो आमच्याकडे वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर शाळेत संगीत शिकवलं. पण युद्धाच्या शेवटी, विशीच्या आत असताना, याच जातीच्या रणगाड्यात वायरलेसवर होते. वायरलेसवाल्याकडेच ही गन असते, म्हणजे अगदी तिच्या मागे बसायचे. त्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. रोस्विथा म्हणाली, "माझ्या बाबांना ते विचारायचं नाही. आई असतानासुद्धा कुणी विचारलं नाही." बायकांना संशोधनाची पद्धत माहीत नसते. जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, कवचाला भोकं होती का हो?"

म्हणाले, "आत अंधार असायचा." आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

साक्षीदार अविश्वसनीय. नोंद केली.

१९ एप्रिल, रविवार

जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार. एका टेबलावर पायदळाचं कवच होतं, भोकंच भोकं. मी लांबूनच ओळखलं. विक्रेता भरघोस मिशांचा, पांढरे हातमोजे घातलेला. माणूस खानदानी. त्याला समजावून सांगितलं की मला हे चालणार नाही, भोकं नसलेलं हवं. भोकं का नकोत तेही नीट सांगितलं. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "साहेब, असे जाणकार आता राहिले नाहीत. पुढच्या रविवारी या. माझ्या ओळखीत एक आहे."

२६ एप्रिल, रविवार

मिळालं! बंद, जाडजूड, करड्या रंगाचं. पायदळाचं कवच टेबलावर नव्हतं, बहुधा कुणीतरी अडाण्याने नेलं. रंग जरा हाताला लागला. विचारलं तर विक्रेता म्हणाला, "फार जपलंय हो." रोस्विथाने मला गाडीतच शर्ट काढायला लावला. तो डाग आता निघत नाही.

२७ एप्रिल

ऑफिसला आजारपण कळवलं. (पाणीपुरवठा खातं एक दिवस माझ्याशिवाय चालेल.) कवचात टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या बाजूला ओळीने गोल गोल खुणा! सारख्या अंतरावर, फिकट करड्या. ग्रोटेबाईंच्या पुस्तकात चित्रं पाहिली, अशा खुणा कुठेही नाहीत. याचा अर्थ एकच: हा आजवर कुणालाच माहीत नसलेला प्रकार आहे.

बसावं लागलं. रोस्विथाने पाणी दिलं आणि विचारलं, तुला खरंच बरं नाहीये का.

१० मे

मंडळाच्या पत्रिकेसाठी लेख पूर्ण. शीर्षक: "एक अज्ञात आवृत्ती". त्या प्रकाराला माझं नाव द्यावं असं मी स्वतः सुचवलेलं नाही, फक्त लेखात सगळीकडे 'हेनेके प्रकार' असं लिहिलंय.

१४ मे

ग्रोटेबाईंचा फोन. लेख वाचला म्हणाल्या. मला वाटलं, अभिनंदन. तर म्हणे, "हेनेके, त्या गोल खुणांवर अंगठ्याने जरा दाबून बघा."

मी म्हणालो, ऐतिहासिक वस्तूवर मी अंगठे दाबत नाही.

"अहो, मी तीस वर्षं लोकांची भोकं बुजवली. बुजवलेलं भोक मला फोटोतही कळतं. अजून वेळ आहे. दोघं मिळून दुसरं शोधू, कुणाला कळायचंही नाही."

मत्सर माणसाला किती खाली आणतो! फोन सभ्यपणे ठेवला.

संकल्प: ग्रोटेबाईंबद्दल मनात किल्मिष ठेवायचं नाही. त्यांची कीव करायची.

१५ मे

अंगठ्याने नाही, पण करंगळीने एका खुणेवर हलकंच दाबलं. थोडी भुकटी पडली. जुन्या पोलादाला असं होतं.

२० जून

कवच बसलं. रणगाडा एकदम पुरुषी दिसायला लागला. डेटलेफ म्हणाला, "लांबून तरी झकास दिसतंय." तो मोजकंच बोलतो, त्यामुळे त्याच्या कौतुकाला वजन असतं.

सासऱ्यांना उद्घाटनाला आणायचं ठरवलं. त्यांना त्यांच्या जुन्या जागेसमोर बसवायचं, नगराध्यक्षांच्या देखत मी प्रश्न विचारायचे, त्यांनी 'हो, हेच' म्हणायचं. रोस्विथा दोन दिवस बोलत नव्हती. मग सासरे स्वतःच जिन्यावरून म्हणाले, "येतो मी." मला माहीत होतं, माझ्या चिकाटीपुढे कुणाचं चालत नाही.

५ जुलै, रविवार, सकाळी

काल फुटबॉलच्या विश्वचषकात क्रोएशियाने आपल्या जर्मनीला तीन गोल घातले. गावाचा मूड गेलाय. म्हणजे आज सगळी भिस्त माझ्यावर. भाषण खिशात. निळा टाय.

५ जुलै, रात्री

घडलं ते क्रमाने लिहितो.

ऊन कडक. गर्दी चांगली, बहुतेक केकच्या टेबलापाशी. सासऱ्यांना रणगाड्यासमोर बाकावर बसवलं. ते त्या गनकडे बघत होते. टोपी हातात घेतली होती. मी भाषण सुरू केलं. "पोलाद खोटं बोलत नाही" हे वाक्य झाल्यावर डेटलेफने इंजिन सुरू करायचं, असं आमचं ठरलं होतं.

इंजिन सुरू झालं. सगळा रणगाडा थरथरायला लागला. मग टिक् असा आवाज आला आणि समोरच्या पत्र्यावर एक करडी गोल टिकली पडली. मग दुसरी. मग भराभरा, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशा. पुट्टी होती, गाड्यांचे पोचे बुजवायला वापरतात ती. इंजिन बंद होईपर्यंत कवच भोकांनी भरलं होतं. नगराध्यक्षांनी एक टिकली उचलून वास घेतला. बेकरीवाली मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, चाळणी झाली की!"

ग्रोटेबाई वाकून टिकल्या वेचून रुमालात ठेवत होत्या. हे मला टोमण्याहून जास्त लागलं.

मी सर्वांना शांत राहायला सांगितलं (सर्व शांतच होते) आणि चिकटवायचं काहीतरी आणायला शेडमध्ये धावलो. गोंद मिळेना. मिळाला तर ट्यूब वाळलेली. मग पाणी गरम करून ती भिजवली. पाइपांच्या कामाचा माझा अनुभव मोठा आहे.

बाहेर आलो तेव्हा कुणीही रणगाड्याकडे बघत नव्हतं. सगळे बाकाभोवती उभे. कुणाच्याच हातातला केक संपलेला नव्हता. ग्रोटेबाई सासऱ्यांशेजारी बसल्या होत्या. रोस्विथा खाली गवतात बसून त्यांचा हात धरून होती. सासरे बोलायचे थांबले होते.

काय झालं ते मला डेटलेफकडून कळलं, तेही तुटक. टिकल्या पडायला लागल्या तेव्हा सासरे म्हणे हसले. हसता हसता रडायला लागले. ग्रोटेबाईंनी रुमाल पुढे केला, टिकल्यांसकट. मग ते बोलायला लागले. एका सकाळी कुठल्याशा गावात, धान्याच्या कोठारातून माणसं बाहेर येत होती. पांढरं फडकं धरून. बाया, पोरं. लेफ्टनंटने वायरलेसवर हुकूम दिला, मार. सासरे म्हणाले, गन अडकलीय. ती अडकलेली नव्हती. लेफ्टनंटने आईवरून शिव्या घातल्या. आणि मग मागच्या रणगाड्याने ते काम केलं.

"त्रेपन्न वर्षं मी विचार करतोय," म्हणाले म्हणे, "की मी वाचवलं कुणाला? तर फक्त मला."

डेटलेफने एवढंच सांगितलं. मी म्हणालो, म्हणजे गनमध्ये दोष नव्हता, तांत्रिकदृष्ट्या हे महत्त्वाचं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्च्या उचलायला गेला.

मी हे वाक्य बोलायला नको होतं असं आता वाटतंय. बहुधा उन्हामुळे.

गाडीत सासरे मागे झोपले. घोरत होते, चांगलं गाढ.

६ जुलै, सोमवार

सुट्टी घेतली. पत्रिकेकडे लेख मागे घेत असल्याचं कळवलं. डेटलेफ म्हणाला, पुढच्या कार्यक्रमाला पार्किंग तू बघ. बाहेरगावच्या गाड्या येतात, जबाबदारीचं काम आहे. रोस्विथाला विचारलं, बाबांनी आणखी काय काय सांगितलं? म्हणाली, "तूच विचार त्यांना. पण प्रश्नांची यादी नेऊ नकोस."

सासरे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. समोर बसलो. घसा साफ केला. म्हणालो, बाबा, कालचं ते... मला ऐकायचं होतं.

"सांगितलं की सगळं," ते म्हणाले. "गावाला सांगितलं. तू कुठे होतास?"

मी म्हणालो, शेडमध्ये.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने ड्रॉवरमधून दुसरी सुरी काढून माझ्यापुढे ठेवली. मीही सोलायला लागलो.

मग म्हणाले, "व्होल्कमार, तुझी सालं फार जाड निघतात."