डीजे कांत आणि न फाटणारा बडग्या

रविवार, ३ ऑगस्ट
निर्णय झाला. बुटीबोरीची नोकरी सोडायची. अर्धं आयुष्य कापडाच्या प्लांटमध्ये क्वालिटी चेकर म्हणून गेलं, उरलेलं अर्धं ब्रेकबीटला.

माझ्या बायकोचा, कामिनीचा भाऊ आयुष २४ तारखेला, म्हणजे काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे मिरवून जाळतात त्याच्या दुसऱ्याच दिवशी, वर्धा रोडच्या एका क्लबात पार्टी करतोय. थीमच मारबत. अर्धा हॉल काळा, अर्धा पिवळा. पुण्याहून डीजे सौरव येणार. सुरुवातीचा अर्धा तास माझा. आयुष आधी नाही म्हणत होता. त्याच्या लग्नात वरातीचे संदलवाले ढोलवाले कोणी ठरवले होते, याची आठवण करून दिली. मग हो म्हणाला. तोंड वाकडं करून म्हणाला, पण म्हणाला.

नाव: डीजे कांत. कृष्णकांत पोस्टरवर जड वाटतं.

बुधवार, ६ ऑगस्ट
रियाज सुरू. ब्रेकबीट म्हणजे सरळ धम धम नव्हे. मध्येच ठोका चुकतो आणि त्या चुकलेल्या ठोक्यावरच नाचायचं असतं. मी त्यात आपल्या संदलचा ताल टाकणार. हे जगात कोणी केलेलं नसावं. (तपासलं नाही. तपासून उत्साह जातो.)

बाबांनी खोलीत डोकावून विचारलं, मिक्सर बिघडला काय. कामिनी म्हणाली, मधूनमधून बरं वाटते, मधूनमधून कोणी जिन्यावरून पडल्यासारखं. हिला कान नाही. प्रतापनगरच्या या दोन खोल्यांत माणूस गुदमरतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
प्लांटमध्ये साहेबांनी बोलावलं. क्यूसी इन्चार्ज करतो म्हणाले. पण तीन वर्षांचा बॉन्ड. तीन वर्षं नोकरी सोडता येणार नाही. उत्तर २५ तारखेपर्यंत.

कसा योग आहे बघा. २४ ला पार्टी, २५ ला राजीनामा. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. इंग्रजीत. शेवटचं वाक्य फार सुंदर जमलंय.

कामिनीला सांगितलं नाही. ती काय म्हणणार ते ठाऊक आहे. पोरांच्या डब्यांची मेस चालवणारी बाई. तिला महिन्याच्या एक तारखेपलीकडचं दिसत नाही. कलावंताच्या पायातली बेडी म्हणतात ती हीच.

बुधवार, १३ ऑगस्ट
आज रियाज नाही. ओव्हरटाइम होता. बसमध्ये मनातल्या मनात केला. तोही रियाजच.

शनिवार, १६ ऑगस्ट
आयुषचा फोन. पार्टीत एक मोठा बडग्या, मारबतीसोबत निघतो तो पुतळा, नाचवायचा आहे, बांबूचा सांगाडा करून मिळाला, पण आत शिरून नाचणारा माणूस पळाला. काय करू भाऊजी?

मला तिथेच सुचलं. मी शिरतो. बडग्या नाचत हॉलच्या मधोमध येईल, म्युझिक थांबेल, आणि बडग्याचं पोट टराटरा फाडून बाहेर कोण? डीजे कांत! तिथून सरळ कन्सोलवर. आयुषने दोनदा विचारलं, नक्की ना भाऊजी? भारावला असावा.

मंगळवार, १९ ऑगस्ट
सांगाड्यावर कागद लावणार होते. मी हाणून पाडलं. क्लबापर्यंत उघड्या टेम्पोतून न्यायचा, आणि आकाश रोज भरून येतंय. कागदाचा लगदा होईल. आमच्या प्लांटचं तंबूचं कापड आणलं. या लॉटची टिअर टेस्ट, म्हणजे फाडून पाहायची चाचणी, मी स्वतः घेतलेली आहे. मशीन थकलं, कापड नाही. आयुषला अभिमानाने सांगितलं.

कामिनी म्हणाली, आत शिरणाऱ्यासाठी मागून चेन लावून देऊ का. (आत मीच असणार हे तिला सांगितलेलं नाही.) मी म्हटलं, चेनवाला बडग्या पाहिलास कधी? महाल भागात आयुष्यभर मारबत पाहून ही बाई असं बोलते. जाऊ दे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
पोळा. पुरणपोळी जास्त झाली. रियाज उद्या.

शनिवार, २३ ऑगस्ट
मारबत पाहायला गेलो. गर्दीत घोषणा ऐकल्या, अंगावर काटा आला. महागाई घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. उद्या हीच गर्दी माझ्या नावाने ओरडेल. सर्वस्वी तयार आहे. रियाज राहिलाय तेवढा.

कामिनीला उद्या येऊ नको म्हटलं. घरचं माणूस समोर असलं की लक्ष लागत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट, दुपार
निघतोय. उद्यापासून नवं आयुष्य. पोट रिकामं ठेवलंय.

रविवार, २४ ऑगस्ट, रात्री
क्रमाने लिहितो.

चार वाजता आत शिरलो. सांगाडा खांद्याला आणि कमरेला बांधला, पाय खालच्या दोन भोकांतून बाहेर, हात आत. नाचताना हलू नये म्हणून क्लबातल्या पोरांनी खालून दाभणाने सुतळीची शिवण घातली. पाहायला छातीशी दोन भोकं. मोबाइल कन्सोलवर, लॅपटॉपशेजारी. सगळं योजनेप्रमाणे.

मागच्या शटरमधून एन्ट्री. टाळ्या, शिट्ट्या. हॉलच्या मधोमध आलो. म्युझिक थांबलं. मी आतून दोन्ही हातांनी कापड ओढलं.

फाटलं नाही.

पुन्हा ओढलं. नखांनी, कोपरांनी, एकदा दातांनी. लोकांना वाटलं बडग्याच्या पोटात कळ आली, हाच डान्स आहे. तेही पोट धरून नाचू लागले. ओरडलो तर माझंच ओरडणं कापडाला आपटून माझ्या कानात. आयुष कुठे दिसेना. नंतर कळलं, तो गेटवर पासवाल्यांशी भांडत होता. म्युझिक थांबून फार वेळ झाला म्हणून सौरवने आपलं सुरू केलं. कन्सोलवर माझा लॅपटॉप झाकलेला दिसत होता.

माझा अर्धा तास असा गेला. बाहेर निघावं तर भोवती रिंगण. शटरकडे सरकलो, तर कोणी तरी ओढून पुन्हा मधे आणलं, सेल्फी काढल्या. शटर बंद. दुसरं दार माणसांसाठी होतं, बडग्यासाठी नव्हतं. बसता येईना, खाजवता येईना. कामट्या पाठीत शिरत होत्या. कापडाला हवा येण्याची सोयच नाही, ते आमच्या प्लांटचं वैशिष्ट्य. सौरव बाकी चांगला वाजवतो. ठोका चुकला की लोक बरोबर त्यावरच पडतात. संदलचा ताल त्यानेही टाकला. मला वाईट वाटलं.

मग त्याने म्युझिक बंद केलं आणि माइक गर्दीत दिला. बडग्यासमोर यायचं, आपली पीडा सांगायची, की ठोका पडणार. कोणी म्हणालं, कॉलेजची अटेंडन्स घेऊन जा गे मारबत. कोणी म्हणालं, जुन्या गर्लफ्रेंडचं लग्न घेऊन जा गे मारबत. सगळे बोटं रोखून माझ्यावर ओरडत होते.

तेवढ्यात भोकातून हिरवी साडी दिसली. कामिनी. येऊ नको म्हटलेली कामिनी, केसांत गजरा माळून, त्या पोरापोरींत एकटी. नजर सारखी कन्सोलकडे. मी तिथे केव्हा येतो ते पाहत असावी. माझं नाव काही कोणी घेतलं नाही. तिचं तोंड उतरत गेलेलं मी दोन भोकांतून पाहिलं.

माइक फिरत तिच्या हातात आला. ती परत करेल असं वाटलं. तिने पदर खोचला आणि माझ्या पोटाकडे बोट रोखून म्हणाली,

"आमच्या ह्यायची बुटीबोरीची ड्युटी घेऊन जा गे मारबत! माणूस घुसमटून राहिला तिथं!"

ठोका पडला. सगळा हॉल उडाला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

आत मला रडू आलं. घाम होता असं लिहिणार होतो, पण इथे कोण वाचतंय.

पार्टी आटोपल्यावर आयुषने किचनमधली मटणाची सुरी आणून शिवण कापली. मी बाहेर निघालो तेव्हा कामिनी समोरच होती. माझ्याकडे पाहिलं, बडग्याकडे पाहिलं. हसली नाही. पाण्याची बाटली दिली. आयुष म्हणाला, मले वाटलं तुम्हीच आत राहाचं ठरवलं भाऊजी, पब्लिक एवढी खूश होती.

ऑटोत तिला बॉन्डचं सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं. ती म्हणाली, "नका करू सही. मी दहा डबे वाढवतो. बाबाचं मी पाहतो. तुमी वाजवा ना, काहून भेता?"

मी म्हटलं, तुला यातलं समजत नाही. घरी आल्यावर तिने चिमट्याने माझ्या पाठीतली कामट्यांची कुसळं काढली.

झोप येत नाही. राजीनाम्याचा ड्राफ्ट उघडून पाहिला. शेवटचं वाक्य आज तितकं सुंदर वाटलं नाही. इंग्रजी तपासायला हवं.

सोमवार, २५ ऑगस्ट
नेहमीची बस. उभ्याने गेलो, पाठ टेकवता येत नाही.

एक मुद्दा लक्षात आला. दहा डबे वाढवायचे तर स्वयंपाकघर अपुरं पडेल. बाबांचं वय. पावसाळा. शिवाय संदलचा ताल तर आता सौरवने वाजवून टाकलाय. घाईत निर्णय घेऊ नये, असं मी नेहमीच म्हणत आलोय.

साहेबांनी कागद पुढे केला. मी पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. माझं तोंड पाहून तेच म्हणाले, मनात नसेल तर नका करू कृष्णकांत, जबरदस्ती नाही. आणखी आठ दिवस घ्या. तुमच्या डोक्यात दुसरं काही आहे का?

मी म्हटलं, होतं सर. पण बायको ऐकत नाही.

साहेब हसले. म्हणाले, बायकांचं असंच असतं.

मी हो म्हटलं आणि सही केली.