सगळं वाचण्याची परवानगी

प्रिय ठमे,

तू बनवलेलं ते ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन मी अखेर बसवलं, हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पहिल्या वेळी जे झालं त्यात माझी काय चूक? बटण दाबलं तर समोर पाटी: सगळ्या वेबसाइटींवरची तुमची सगळी माहिती वाचायची आणि बदलायची परवानगी द्या. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. लोकांनी डोकावू नये म्हणून पोटच्या पोरीनं बनवलेली वस्तू, आणि तीच म्हणते मला सगळं वाचू दे! मी ताबडतोब ‘नको’ दाबलं आणि शेजारच्या शिंपीणबाईंना सांगूनही आले, की आमचं रत्न आता आईची पत्रं वाचणार. फोनवर तू केवढी चिडलीस! पण राग ओसरल्यावर जे समजावलंस ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

एक पान उघडलं की ते आपल्या नकळत चार ठिकाणी निरोप धाडतं, ही बाई इथे आली होती म्हणून. चहाडी कुठल्या पानातून निघेल हे आधी कळत नाही, म्हणून तुझ्या वस्तूनं प्रत्येक पानाच्या दाराशी उभं राहायचं आणि निरोप बाहेर पडण्याआधी बघायचा. बदलायची परवानगी कशाला, तर पानात लपवलेले चहाडखोर तुकडे उचलून टाकायला. बाई गं! मी जन्म एक्स-रेच्या खोलीत काढला. बरगडीतली केसाएवढी चीर शोधायची तर अख्खी छाती बघावी लागते. किती जणांच्या आत डोकावले, पण घरी येऊन तुम्हांला कधी एका शब्दानं बोलले नाही. तुझी वस्तू तेच करते हे कळलं आणि मी थक्क झाले. वर तुम्ही बनवणाऱ्यांनी तिचं पोट, म्हणजे आतला सगळा कोड, जगाला उघडं ठेवलंय. कोणीही यावं, ती आत काही साठवत नाही ना हे तपासावं. कुठला कोण माणूस, तुझी तोंडओळखही नाही, तो येऊन तुझी चूक दुरुस्त करून जातो, तीही फुकट!

आता विणकामाचं पान उघडलं की कोपऱ्यातला आकडा चढायला लागतो, इतक्यांना अडवलं म्हणून. मी विणकाम सोडून तो आकडाच बघत बसते. तुला हे हवं कशाला झालं, असं तू विचारलंस तेव्हा मी जाहिरातींचा वैताग म्हणाले. तो होताच. न सांडणारे चमचे, दोन कानांचे पेले, आधाराच्या काठ्या. जिथे जावं तिथे माझ्याआधी हजर.

ठमे, त्या जाहिराती उगाच नव्हत्या. माझ्या उजव्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, ते मी घरी येऊन कॉम्प्युटरवर शोधलं, आणि तेवढ्यावरून त्या परक्यांनी मला ओळखलं. तू दर रविवारी विचारतेस, आई, तब्येत कशी आहे, आणि मी म्हणते, मजेत. ज्यांनी विचारलं नाही त्यांना सगळं ठाऊक, आणि विचारणाऱ्या लेकीला मी ‘नको’ दाबत आले. फोनवर पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून हे हातानं लिहिलं. अक्षर बघ. सगळं वाच. आणि ये, जमेल तेवढं बदल.

तुझीच, हात सोडून बाकी धडधाकट,
आई